कंट्रोलच्या ओळी

'फुल्ली फंडेड पीएचडी' हे शब्द आमच्या घरात कुणाच्याच पचनी पडत नव्हते. बाबांच्या तर नाहीच. "शिकणार तू, आणि पैसे देणार ते?" असं म्हणत त्यांनी माझ्या लॅपटॉपवरची जाहिरात चष्मा पुसून दोनदा वाचली. बाबांची सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली. जिथे फायदा दिसतो तिथे काहीतरी गोम असते, हे त्यांचं तिथून आलेलं ठाम मत. "पगार, विमा, विमानाचं तिकीट. एवढं करून त्यांना मिळणार काय?" मी म्हटलं, "मी." आई हसली आणि बाबा जास्तच काळजीत पडले.

अशा जाहिराती मी काही वर्षं वाचत होते, त्यामुळे त्यांची भाषा मला तोंडपाठ झाली होती. अभियांत्रिकी, शाश्वत विकास, उपयोजित विज्ञान. जगभरातल्या हुशार तरुणांसाठी अपूर्व संधी. माझं नाव अपूर्वा, त्यामुळे हे वाचलं की मला कुणीतरी हाक मारतंय असं वाटायचं. मग मी खाली सरकायचे आणि बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की हाक नेमकी कुणाला मारलेली नाही. अमुक देशांचे नागरिक नकोत. तमुक परीक्षा हवी. पदव्युत्तर पदवी मिळून पाच वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नको. यातली शेवटची अट मला सगळ्यात जास्त लागायची, कारण मी एका खाजगी कॉलेजात तासांवर शिकवत बसले होते आणि माझं पाचवं वर्ष चालू होतं.

ही जाहिरात मात्र खरंच माझ्यासाठी लिहिल्यासारखी होती. नेदरलँड्समधलं विद्यापीठ. विषय, द्राक्षबागेतली औषधफवारणी निम्म्यावर आणणं. पान किती वेळ ओलं राहिलं हे एक सेन्सर सांगणार, आणि रोग येण्याची खरी शक्यता असेल तेव्हाच फवारा मारायचा. मी पर्यावरण अभियांत्रिकीवाली, आणि माझं आजोळ दिंडोरीचं, द्राक्षातलं. अर्ज केला, मुलाखत झाली, आणि प्राध्यापक मारिके नावाच्या बाईंनी कळवलं की आता दोघेच उरलेत. एक मी, एक चिलीचा मुलगा. दोघांनी आपापल्या देशात एक हंगाम छोटा प्रयोग करून दाखवावा. ज्याचा प्रयोग नीट होईल, त्याला चार वर्षांची जागा. दुसरी फेरी नाही, कारण जानेवारीअखेर निधी कुणाच्या तरी नावावर लागला नाही तर तो परत जाणार होता.

देवराममामांनी मला बागेतल्या नऊ ओळी दिल्या. तीन ओळींवर त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने औषध, तीन ओळींवर सेन्सर सांगेल तेव्हा, आणि मधल्या तीन ओळींवर काहीच नाही.

"काहीच नाय?" मामा म्हणाले. "आन् डावणी आली तर?"

डावणी हा द्राक्षावरचा रोग. पानावर तेलाचा डाग पडावा तसा डाग पडतो, पानामागे पांढरी बुरशी येते, आणि फुलोऱ्यात गाठला तर घडच्या घड कुजतात. दिंडोरीत लहान मुलंसुद्धा हा शब्द हळू आवाजात उच्चारतात.

"येऊ द्यायची, मामा. त्या ओळी कुजल्या तरच सिद्ध होतं की हवेत रोग होता आणि बाकीच्या ओळी औषधाने वाचल्या. नाहीतर तिकडच्या बाई म्हणतील, यंदा रोगच आला नसेल."

मामा त्या ओळींतून एक चक्कर मारून आले. ज्या माणसाला एका पिवळ्या पानावरून जेवण जात नाही, त्याच्याकडे मी चांगली पोसलेली झाडं मारायला मागत होते. शेवटी म्हणाले, "बरं. उपाशी ठेवू त्यांना." आणि घरात, गड्यांना, सगळ्यांना एवढंच सांगितलं की अपूर्वाच्या ओळींत तिचं काहीतरी चाललंय, तिला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मामांचं बोलणं तेवढंच असतं.

मी ओळींच्या तोंडाशी पाट्या लावल्या. 'नेहमीची', 'सेन्सर' आणि 'कंट्रोल'. ज्यांना काहीच करायचं नाही, ज्यांच्याशी बाकीच्यांची तुलना करायची, त्यांना विज्ञानात कंट्रोल म्हणतात. मारिकेबाईंच्या प्रत्येक मेलमध्ये हाच शब्द. कंट्रोल जपा, कंट्रोलला धक्का लागू देऊ नका, कंट्रोल गेला तर प्रयोग गेला. महिनाभरात हा शब्द माझ्या तोंडात इतका बसला की मराठी बोलताना तो परका आहे हेच मी विसरले. प्रत्येक पाटीजवळच्या खांबावर एक छोटा कॅमेरा होता. तो रोज दुपारी एक फोटो काढून परस्पर तिकडे पाठवायचा.

छाटणी झाली, कोंब फुटले, फुलोरा आला. सगळं कसं छान चाललं होतं. आणि मामा ठिबकच्या टाकीजवळ चिखलात पाय घसरून पडले.

मांडीचं हाड मोडलं. नाशिकला आमच्या घराजवळच्याच दवाखान्यात ऑपरेशन, आत रॉड. आई आणि मी आळीपाळीने त्यांच्याजवळ. मामी दोन दिवस राहिली आणि मामांनीच तिला परत पाठवलं, कारण फुलोऱ्यातली बाग सोडून दोघांनी दवाखान्यात बसणं हे मामांच्या मते वेडेपणाचं होतं. माझी नवसामामी ट्रॅक्टर चालवते, ब्लोअर जोडून फवारणी करते, आणि गडी दांडी मारतील तर त्यांच्या घरी जाऊन त्यांना उठवून आणते. तिच्या हातात बाग देऊन मामा निवांत झोपले.

मग अवकाळी आला. दिवसभर भुरभुर, रात्री जोरात, सकाळी धुकं. डावणीला यापेक्षा चांगलं हवामान मिळत नाही. दवाखान्याच्या खिडकीतून मी तो पाऊस बघत होते आणि खरं सांगते, मला आनंद झाला होता. सगळा तालुका कपाळाला हात लावून बसलेला आणि मी मनात म्हणत होते, पड बाबा, अजून पड.

पाच-सहा दिवसांनी मामीचा फोन आला. मी एक्स-रेच्या रांगेत होते, मामांची खाट ढकलत. आवाज तुटत होता.

"अपू, तुझ्या त्या मधल्या ओळीत डाग दिसाया लागलेत गं. डावणी शिरली. मी हात लावला नाय, मामा म्हनले व्हते तुला विचारायचं. काय करू?"

"मामी, त्या कंट्रोलच्या ओळी आहेत," मी म्हणाले. "पाटी आहे बघ तिथे. काहीही झालं तरी मला कंट्रोल पाहिजे. माझी सगळी सीट त्याच्यावर आहे."

"कंट्रोल पायजे ना?"

"हो, शंभर टक्के. बाकी ओळींचं काही झालं तरी चालेल, पण कंट्रोल गेला तर मी संपले."

"मंग तू अजिबात काळजी करू नको," मामी म्हणाली. "तू मामांच्या पायाकडं बघ. कंट्रोल मी बघते."

मला इतकं बरं वाटलं! घरात एक तरी माणूस आहे ज्याला माझं काम समजतं, असं मी आईला म्हटलंसुद्धा.

पुढच्या आठवड्यात मारिकेबाईंचा मेल आला. त्या फार सभ्य बाई आहेत. त्यांनी लिहिलं होतं की फोटो नियमित मिळताहेत, धन्यवाद. कंट्रोलच्या ओळींत डाग दिसायला लागले होते, ते त्यांनी नोंदवले. मात्र नंतरच्या फोटोंत त्याच ओळी सगळ्यात निरोगी दिसताहेत. सोबत एक फोटो जोडते आहे. त्यातल्या बाई प्रयोगाचा भाग आहेत का?

मी फोटो उघडला. कॅमेऱ्याच्या अगदी समोर मामी उभी होती. अंगावर मामांचा रेनकोट, डोक्याला फडकं, तोंडाचा मास्क हनुवटीखाली ओढलेला. मागे ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर. एका हाताने तिने वेलीचं हिरवंगार पान उलटं करून धरलं होतं, मागची बाजू स्वच्छ आहे हे दिसावं म्हणून. दुसऱ्या हाताचा अंगठा वर. फोटो तिकडच्या मॅडमला जातात हे मीच तिला कौतुकाने सांगितलं होतं. ती मॅडमना दाखवत होती की तिच्या भाचीचं काम कसं चोख आहे.

मी तशीच स्कूटर काढली आणि दिंडोरी गाठली. वाटेत मला मामीला काय काय बोलायचं ते सगळं मी मोठ्याने म्हणून बघितलं. तुला कुणी सांगितलं होतं, इथपासून सुरुवात होती.

मामी बांधावरच भेटली. "आलीस? चल, आधी तुझ्या ओळी बघ," म्हणून तिने मला हाताला धरून नेलं. "आता एक डाग दाखव मला. एक. फोन झाला त्याच दिवशी दुपारनं औषधाचा पयला हात मारला. मग पाऊस झाला, ते धुऊन गेलं, म्हनून परत मारला. तरी मला इश्वास नव्हता, म्हनून बाया लावल्या आन् डागाळलेलं पान न् पान खुडून लांब नेऊन जाळलं. आपल्या सोताच्या ओळींस्नी एवढं केलं नाय. तिकडं तीन ओळी गेल्या आपल्या. जाऊ दे. पन तुझ्यातली डावणी पार कंट्रोल!"

तेव्हा मला कळलं. मला हे आधी कळायला हवं होतं, मी लहानपणापासून ऐकलेलं वाक्य होतं ते. 'डावणी कंट्रोल झाली का?' 'भुरी कंट्रोल होईना.' दिंडोरीत औषधाच्या दुकानात, पारावर, व्हॉट्सॲपवर, या शब्दाचा एकच अर्थ आहे, रोग मारणं. कंट्रोल पाहिजे, शंभर टक्के पाहिजे, काहीही झालं तरी पाहिजे, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. मामीने अक्षरशः तेच केलं होतं.

पाठ केलेलं सगळं भाषण फुकट गेलं. मला भयंकर राग आला होता आणि तो कुठे ठेवावा तेच कळत नव्हतं. मामीच्या हाताला औषधाने भेगा पडल्या होत्या. मी म्हणाले, "मस्त झालंय, मामी." ती भाकरी टाकायला घरात गेली आणि मी त्या तीन ओळींत शिरले.

मी डाग शोधत होते. एखादं सुटलेलं पान, एखादा करपलेला घड, खालच्या अंगाला कुठे पांढरी बुरशी. आयुष्यात कुणी बागेत रोग इतक्या आशेने शोधला नसेल. काही नाही. मग शेजारच्या गोरक्षभाऊंच्या बांधाची ओळ बघू म्हटलं, तिकडून तरी काही आकडे मिळतील. गोरक्षभाऊ पंप लावत होते. मला बघून स्वतःच म्हणाले, "ताई, टेन्शन घेऊ नका. वहिनी बोलल्या, पोरीची परदेशातली परीक्षा हाय, तिच्या ओळींस्नी आपल्याकडून रोग जाया नको. म्हनून आपली बांधाची ओळ बी दोनदा मारली."

मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. मग इकडेतिकडे बघत, आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे दावे पकडणारा तो माणूस हळूच म्हणाला, "आकडे... म्हणजे थोडे अंदाजाने... नाही का चालणार?" मी त्यांना मामीचा फोटो दाखवला. "अंगठा वर केलाय हिने," एवढंच म्हणून बाबा उठून गॅलरीत गेले. बाबांना ही जागा मला मिळायला हवी होती. गोम शोधता शोधता ते कधी माझ्या बाजूला येऊन उभे राहिले होते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मला रडू आलं.

मारिकेबाईंशी व्हिडिओवर बोलणं झालं. मी सगळं खरं सांगितलं. शब्दाचा गोंधळ समजावून सांगताना मला वाटत होतं की त्या हसतील, आणि हसल्या तर काहीतरी आशा आहे. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर तो शब्द लिहून घेतला. मग शांतपणे म्हणाल्या, "अपूर्वा, सेन्सरच्या ओळी निरोगी आहेत. पण त्या सेन्सरमुळे निरोगी आहेत, हे तू मला कशावरून दाखवणार?"

"आजूबाजूला सगळीकडे रोग होता. मामींच्या स्वतःच्या ओळी गेल्यात."

"त्यांना औषध मारलेलं होतं. न मारलेल्या ओळी?"

त्यांचं बरोबर होतं. हेच वाक्य मी मामांना ऐकवलं होतं. चूक दाखवायला समोर कुणी दुष्ट माणूस असता तर किती सोपं झालं असतं! पाऊस वेळेवर आला, रोग वेळेवर आला, मामीने जीव तोडून काम केलं, बाई न्यायाने वागल्या, आणि माझ्या हातात काहीच उरलं नाही. मी विचारलं, पुढच्या हंगामात पुन्हा करू का? त्या म्हणाल्या, निधी तोवर थांबणार नाही. पाच वर्षांच्या अटीचं मी काढलं नाही. ती त्यांना माझ्यापेक्षा चांगली माहीत होती.

जानेवारीत मेल आला. चिलीच्या मुलाची निवड झाली. त्याच्या कंट्रोलच्या ओळी, बाईंनी लिहिलं नव्हतं तरी मला कळत होतं, छान सडल्या असणार. माझ्या प्रामाणिकपणाचं त्यांना कौतुक वाटलं. भविष्यातल्या संधींसाठी मी विभागाचं पान बघत राहावं, असंही होतं. मामा तेव्हा आमच्याकडेच होते, वॉकर घेऊन हॉलमधून फेऱ्या घालत. मी मेल वाचून दाखवला. ते वॉकर धरून उभेच राहिले. "तिला सांगू नको," एवढं म्हणाले.

मी नाहीच सांगितलं. पण मामीने सरळ विचारलं की मामांच्या पोटात गोष्ट राहत नाही. मामांना घरी न्यायला ती जीप घेऊन आली तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. ती आत आली आणि दार लोटून घेतलं.

"तुझे मामा म्हनत्यात ते खरं का गं?"

"काय म्हणतात?"

"त्या वळी सडू द्यायच्या व्हत्या म्हनून."

चहा वर यायला लागला होता. मी गॅस बारीक केला. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण तिच्याकडे बघून बोलता येईना. "हो, मामी."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

मामी ओट्याला टेकली. तिचा चेहरा पार उतरला होता. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. तिला राग आला होता.

"मग तसं म्हनायचं ना! सडू दे मामी, असं म्हनायचं. मराठीत बोलायला काय झालं व्हतं तुला? मी त्या वळींच्या तोंडाला खाट टाकून बसले असते. दोन महिने बसले असते. कुनाचा पंप फिरकू दिला नसता तिकडं. तुझ्यासाठी तीन वळी सडवायला मला जड व्हतं व्हय?"

"चुकलं माझं."

"कंट्रोल म्हने," मामी म्हणाली. मी दोन कप भरले. तिने कप उचलला, परत ठेवला. "बरं, झालं ते झालं. आता छाटणी व्हईल तवा आपन करू. थेंबभर औषध पडनार नाय. पार काळ्या करून दावते तुझ्या मॅडमला. कळव त्यांना."

पुढच्या छाटणीच्या वेळी माझी पाच वर्षं संपलेली असणार होती. जागाही गेली होती, निधीही गेला होता, तो मुलगा सामान बांधत असेल. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं, आणि मामी माझ्याकडे अशा आशेने बघत होती की मी ते मिटलं.

"कळवते."

"आत्ता. मी हाय तवर लिही, म्हंजे परत काय गोंधळ नको."

मी फोन काढला. मारिकेबाईंच्या शेवटच्या मेलवर उत्तराची चौकट उघडली आणि लिहिलं, की पुढच्या हंगामात माझी मामी तीन ओळी औषधाशिवाय ठेवायला तयार आहे. तिला मराठीत वाचून दाखवलं.

मामीने चष्मा लावून पडद्याकडे बघितलं. इंग्रजी अक्षरांत तिला आकडा कुठे दिसेना, तरी तिने बोट ठेवलं. "तीन नाय. सा लिही."

मी तीन खोडून सहा केलं.